टेकडीवरचा नियम

६ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल सुखरूप पोचलं. अंगात कोट, कोटावर शाल, शालीवर आणखी एक शाल. आत मूल आहे की नुसतं गाठोडं, हे बघायला मला बसस्टॉपवरच तिला सोलावं लागलं. खोकला आहे, पण तो तुझ्या ओल्या भिंतींचा खोकला. इथल्या कोरड्या थंडीत आठवड्याभरात पळेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं ना?

रोज दुपारी तिला टेकडीवर नेते. यंदा बर्फ झकास पडलाय. यांचं घसरगाड्या भाड्याने द्यायचं दुकान उताराच्या पायथ्याशीच असल्यामुळे आपल्याला गाडी फुकट. सुट्टीत सगळा गाव पोराबाळांसकट तिथे लोटतो. यांनी लहान मुलांना शिकवायचा वर्गही सुरू केलाय. पण पडलं की प्रत्येक कार्टं आईच्या नावाने भोकाड पसरतं, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्या आया एकदम धावत सुटतात, आपलं कोणतं आणि दुसरीचं कोणतं कळत नाही. म्हणून यांनी नियम केलाय. टेकडीवर जो आईला हाक मारेल त्याने त्या दिवशी गाडी नुसती वर ओढायची, बसायचं नाही. तुझी खारू पहिल्याच घसरणीत हरली आणि सबंध दुपार दुसऱ्यांच्या गाड्या ओढत बसली. पोरांनी तिचं नाव रडूबाई ठेवलंय. आम्हाला तर हसू आवरेना.

आणि हो, तिचे हातमोजे तू दोरीने बांधून बाहीतून ओवले होतेस, ती दोरी मी कापली. एवढ्या मोठ्या मुलीला असलं काही शोभत नाही. हरवले तर हरवले, बोटं गारठली की अक्कल येईल.

तुझी काळजी आहेच, पण उगाच करत बसणार नाही.
तुझी ताई


१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. शालींबद्दल कबूल. दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांच्या पोरांच्या कोटांना अस्तर लावते, तेव्हा आपल्या पोरीला थंडी वाजेल ही भीती मनातून जात नाही.

इकडे मी बरी आहे. घरमालकांनी भिंतीची ओल काढायचं कबूल केलंय, पण काम बर्फ वितळल्यावरच होईल म्हणतात. ते झालं की लगेच येऊन खारूला घेऊन जाईन. तिला मी हेच सांगून पाठवलंय. तूही रोज सांगत जा, म्हणजे तिच्या जिवाला बरं वाटेल.

ताई, भावजींचा नियम गमतीचा आहे, मला कळतं. पण तिचे बाबा गेल्यापासून ती झोपेतही मला हाक मारते. मी आहे ना, एवढं तिला बघायचं असतं. मी ओ दिली की कुशीवर वळते. तेवढी एक हाक तिला माफ करा. आणि मोज्यांना जमलं तर पुन्हा दोरी लाव. तिची बोटं लवकर निळी पडतात.

तुझ्या उपकारांचं ओझं आनंदाने वाहणारी,
धाकटी


४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोकला गेला. गाल लाल झाले. भूक अशी लागते की यांना दुसऱ्यांदा वाढून घेताना आधी तिच्या ताटाकडे बघावं लागतं. आता सांग, कुणाचं बरोबर होतं?

मागाहून आलेल्या कार्डात तू येत्या सुट्टीला येते म्हणतेस. कशाला? नुकती कुठे रुळतेय. तू येणार, गळ्यात पडून रडणार आणि संध्याकाळच्या बसने निघून जाणार. मग आठ दिवस निस्तरायचं आम्ही. दोरीचं म्हणशील तर लावलेली नाही. एक मोजा हरवला, तेव्हा दोन दिवस तशीच फिरली. आता दोन्ही जपते. लाड करून मुलं शहाणी होत नाहीत, हे तुला कोण सांगणार? लहानपणी बर्फात तू धडपडायचीस आणि आई धपाटा मला घालायची, लक्ष का नाही ठेवलंस म्हणून. तू तिच्या पदराआडून बघायचीस. मी अजून विसरलेले नाही.

माझ्या घरात मला आई म्हणून हाक मारणारं कुणी आलं नाही. लोक हळहळले, मी नाही. पण आता मूल घरात आलंच आहे, तर ते माझ्या पद्धतीने वाढेल.

घरात आता रडारड नाही, हे वाचून तुलाही बरं वाटावं.
तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

न कळवता आले, त्याची क्षमा माग म्हणशील तर मागते. तुझ्या घराकडे न वळता मी बसमधून उतरून थेट टेकडीवर गेले होते. म्हटलं, सगळ्या आया उभ्या असतात तिथेच उभी राहीन आणि एकदा डोळे भरून बघून घेईन.

ती वरून सुसाट आली. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर उलटली. तोंडावर आपटली ताई, ओठ फुटला, बर्फावर रक्त पडलं. तिने वर बघितलं आणि तिला मी दिसले. मी हात पसरले. आणि तिने काय केलं? मोजा तोंडात कोंबला, मान फिरवली, गाडीची दोरी उचलली आणि वर चालू लागली. मी हाका मारल्या. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. शेजारच्या बाईने मला विचारलं की ही तुमचीच मुलगी का. मला हो म्हणवेना.

तशीच परत फिरले. बसमध्ये सगळ्यांसमोर रडले. एवढ्यात पोटची पोर मला विसरली का? माझं काय चुकलं ते सांग. तुझ्या पाया पडते, पण खरं सांग.

अजूनही तुझ्याच भरवशावर,
धाकटी


२६ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं वेडे, विसरली कुठे? जिंकली! तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, तर यांनी तिची पाठ थोपटली.

तो नियम आता टेकडीपुरता राहिलेला नाही. रात्री झोपेत तुझ्या नावाने ओरडून ती आमची झोपमोड करायची, म्हणून मी तो घरातही लागू केला. तो शब्द तोंडून निघाला की दुसऱ्या दिवशी टेकडी बंद. खिडकीशी बसून इतरांची मजा बघायची. सुरुवातीला रोजच खिडकीशी असायची. मग स्वतःच युक्ती काढली, झोपताना तोंडात मोजा धरायची. आता हिवाळा संपेपर्यंत एकदाही चुकली नाही तर यांच्या दुकानातली लाल गाडी तिची, असं ठरलंय. फुटका ओठ घेऊन घरी आली तेव्हा तू आली होतीस हे तिने सांगितलंसुद्धा नाही. मला तुझ्या पत्रातून कळलं. एवढी करारी पोर तुझ्या पोटी कशी आली, देव जाणे.

इथल्या शाळेत बोलून ठेवलंय. वसंतात तिचं नाव घालू. ओली खोली, कारखाना आणि एकटी बाई, एवढ्यावर मूल वाढत नाही, हे शांतपणे विचार केलास तर तुलाही पटेल.

तुझं भलंच चिंतणारी,
ताई


२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. येत्या रविवारी सकाळच्या बसने येतेय. खारूचे कपडे बांधून ठेव. ओल असो, उपास असो, माझी पोर माझ्याजवळ राहील. तिला सांग, नियम मोडला. तिला सांग, हवी तेवढी ओरड, हवी तेव्हा ओरड.

तुझं खाल्लं ते विसरणार नाही, पण लोभ आता मागत नाही.
धाकटी


५ फेब्रुवारी

ती. धाकटीस,
सा. न.

मावशीने सांगितलं की तुला पत्र मी लिहायचं. वर काय लिहायचं ते मला कळेना, कारण तो शब्द लिहिला तरी बोलल्यासारखंच धरतात. मग मावशी लिहिते तेच लिहिलं. तू रागावू नकोस.

माझा ओठ बरा झाला. तू आली होतीस तेव्हा मी तुला पाहिलं होतं. तू निळा स्कार्फ बांधला होतास. मी जवळ आले असते तर तोंडातून निघालंच असतं, म्हणून मी पटकन वर गेले. वरून पाहिलं तर तू नव्हतीस.

मावशी म्हणते, तू नियम मोडायला येणार आहेस. काका म्हणतात, मग लाल गाडी दुकानातच राहील. रविवारी शर्यत आहे. मी एवढे दिवस एकदाही चुकले नाही, झोपेतसुद्धा नाही. आता थोडेच दिवस राहिलेत. बर्फ वितळला की खेळ संपतो. मग मी खूप मोठ्याने हाक मारणार आहे, तुझ्या कारखान्यापर्यंत ऐकू येईल अशी.

पण तू समोर आलीस तर मी नक्की हरेन. म्हणून रविवारी येऊ नकोस.

मोजे दोन्ही आहेत.
लोभ असू दे.

तुझी
रडूबाई (आता मला असं कुणी म्हणत नाही)