कात्रीच्या कुळातलं दही

बाई, तुम्ही कान धरला असता असं एक काम मी गेल्या हिवाळ्यात केलं. इकडे परदेशात, अ‍ॅशबर्नच्या आमच्या ऑफिसात एक आइसलँडची मैत्रीण आहे. तिने डब्यातून पांढरं, घट्ट काहीतरी आणलं. साय काढलेल्या दुधाला विरजण लावून फडक्यात टांगायचं. म्हणजे आपला चक्काच. नाव म्हणाली, स्कीर. आणि मी, तुमच्याकडे संस्कृत शिकलेली, अख्ख्या कॅफेटेरियाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "हे तर आमचं क्षीर!"

बोलून गेले आणि तुमचं स्वयंपाकघर आठवलं. रविवारची सकाळ, खुंटीला चक्क्याचं फडकं, खाली पातेल्यात टपटप पाणी, आणि मी पाटावर बसून कुठल्यातरी दोन शब्दांची सोयरीक जुळवतेय. तुम्ही मागे वळूनही पाहत नाही. "सारखं दिसतं म्हणून नातं लावू नकोस. गावातला प्रत्येक उंच माणूस तुझा मामा नसतो." माझे सगळे मामा बुटके, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

मैत्रीण हसली. "नाही गं. आई सांगायची, कापण्यावरून आलंय. दूध कापलं जातं, पाणी वेगळं होतं." लायब्ररीत जाऊन जाड कोश उघडले, तर तिची आई बरोबर. त्यांच्याकडे कापणं म्हणजे स्केरा, जर्मनांची कात्री शेरे, इंग्रज मेंढीची लोकर कापतात ते शिअर. डॅनिश लोक त्याच घरातला शब्द ठिसूळ वस्तूला लावतात आणि चक्रम माणसालाही. आपलं दूध फाटतं, त्यांचं कापलं जातं, एवढाच फरक. पण बाई, मूळ धातूपर्यंत गेलं की आपला कृत् भेटतो, कापणारा. त्याची कर्तरी, तिची आपली कात्री. म्हणजे नातं निघालं, पण दुधाशी नाही, कात्रीशी. मामा निघाला, तोही बुटकाच!

त्याच हिवाळ्यात तिची आई गेली. मार्चमध्ये ती घर आवरायला गावी निघाली आणि जाताना एक काचेची बरणी माझ्या हातात दिली. आईच्या हातचं विरजण. "तिचं एवढंच चालू राहिलंय. मी येईपर्यंत जगवशील?" मी म्हटलं, त्यात काय! दर आठवड्याला दूध तापवून नवं लावत होते, टांगत होते. पाडव्याला ऑफिसातून घरी आले तर वेलचीचा वास.

"सरप्राइज!" नवरा म्हणाला. "चक्का टांगून विसरलीस वाटतं. श्रीखंड केलंय."

"तो तिच्या आईचा होता."

"कुणाच्या आईचा?"

सांगितलं. त्याने हातातला चमचा खाली ठेवला. "यार, मी सगळा फेटला गं." बरणीही त्याने घासून पालथी घातली होती, एरवी भांड्याला हात लावत नाही. मी फ्रीज उघडते, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. लोणच्याच्या बाटलीमागे झाकण घातलेली एक वाटी दिसते. मीच ठेवलेली. तुम्ही फडकं सोडलं की आधी वाटी भरायचात, मग आम्हाला वाढायचात, मी पुढे हात केला तर म्हणायचात, "थांब. घरातलं दही कधी सगळं संपवायचं नाही." लङ् लकाराचा भूतकाळ मला आता धड चालवता येत नाही, बाई. चक्का टांगण्याआधी वाटी मात्र हाताने न विचारता भरून ठेवली होती.

मैत्रीण परत आली तेव्हा बरणी भरलेली होती. तिने झाकण उघडून वास घेतला, आणि बरणी पोटाशी धरली. पाडव्याचं मी सांगितलं, तशी हसत हसत रडली.

हे पत्र कुठे पाठवणार म्हणा. पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. ते श्रीखंड तुमच्या हातच्यापेक्षा चांगलं झालं होतं.