आईच्या निळ्या गाडीचं बोनेट

गोरेगाव, ता. सेनगाव
९ मार्च २०२५

चि. पल्लवी हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की तुझ्या आईचे डोळे भरतात, बोलायला जाते तर शब्द अडकतो आणि ती फोन माझ्याकडे सरकवते. पत्र मात्र ती मांडीवर ठेवून सावकाश वाचते, परत परत वाचते. म्हणून तू पत्र लिहायचं काढलंस ते फार बरं केलंस.

तब्येत ठीक आहे. उजवा पाय टेकत टेकत ओसरीपर्यंत येते. हात मात्र अजून झोपलेलाच. हिंगोलीच्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी टेबलावर फडकं ठेवून हात गोल फिरवायला सांगितलं आहे. ती एकदा फिरवते नि फडकं ढकलून देते. जन्मभर दवाखान्यातली टेबलं पुसली, आता पुन्हा तेच काहून, असं तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता गाडीचं. लकवा झाला त्या दिवशी तिनं अंगणात जिथं उभी केली, तिथंच ती उभी आहे. वर सावली नाही. आधी बोनेटवर तळहाताएवढा फिका डाग होता. या उन्हाळ्यात तो पसरून राहिला आहे. वरचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटतो, वाऱ्यानं उडतो, आणि खालचा निळा रंग खडूसारखा पांढुरका दिसतो. शेजारच्या तातेरावांनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला सांगितलं. मी पुसलं. दोन दिवस चकाकलं आणि मग दुप्पट सुटलं.

तुझी आई ओसरीत बसून त्या बोनेटकडे बघत राहते. ज्या गाडीतून तिनं रात्री-अपरात्री बाळंतिणी हिंगोलीला पोचवल्या, ती अशी डोळ्यांसमोर सोलून निघताना बघणं तिला सोसत नसावं. म्हणून गाडी विकून टाकावी असं माझ्या मनात आहे. तातेरावांना घ्यायची आहे. मला तर चालवताही येत नाही, मी कायम तिच्या शेजारी बसणारा. तुझं मत कळव.

तब्येतीला जप. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
बाबा

●

नाशिक
१८ मार्च २०२५

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र ड्यूटीवरून आल्या आल्या वाचलं आणि चहा गार झाला.

बाबा, आईला न विचारता गाडी विकू नका. तिला बोलता येत नाही म्हणजे तिला मत नाही, असं थोडंच आहे? तुम्ही शाळेत मुक्या राहणाऱ्या पोरांकडूनही उत्तर काढून घ्यायचात. मग घरात काहून घाई करता? रागावू नका, पण हे मी फोनवर बोलले असते तर आपलं भांडण झालं असतं. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, हा माझा फायदा.

आमच्या दवाखान्यामागे एक पेंटरचं दुकान आहे. त्याला तुमचं वर्णन वाचून दाखवलं. तो म्हणाला, रंगाच्या वर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात. ऊन त्यालाच खातं. तो एकदा सुटला की मेण लावा, तेल लावा, काही उपयोग नाही. सुटलेलं सगळं घासून काढून नव्यानं रंग द्यावा लागतो. तोवर निदान सावली करा, म्हणजे पसरणार नाही. आणि रॉकेल बंद. तातेरावकाकांना सांगा, ते त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलला लावावं.

आईच्या हाताची मला काळजी वाटते. आमच्याकडचे पेशंट बघते ना मी. पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं. हात हलवलाच नाही तर तो तसाच राहतो. तिला रागवा, लाडीगोडी लावा, काहीही करा.

तुम्हा दोघांच्या आठवणीत असू द्या, एवढंच मागणं.
तुमची,
पल्लवी

●

गोरेगाव
२० एप्रिल २०२५

चि. पल्लवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जयंती छान झाली. दरवर्षी मिरवणुकीच्या पुढं तुझ्या आईची गाडी असायची. यंदा पोरांनी मिरवणूक आपल्या दारावरून नेली आणि ती ओसरीत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

पण तुला सांगायचं ते निराळंच. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी वर ताडपत्री बांधली. विकण्याबद्दल मात्र तिला विचारायचं धाडस होईना. तेवढ्यात तातेराव आपण होऊन गाडी बघायला आले. चाकं दाबून पाहिली, दार उघडून पाहिलं. बोनेटकडे बघून म्हणाले की हे तर पार गेलं, पण घेऊ आपण असंच. तुझी आई ओसरीतून ऐकत होती. ती उठली. मी हात द्यायला गेलो तर झिडकारला. भिंत धरत, पाय ओढत अंगणात आली, डावा हात बोनेटवर टेकवला आणि म्हणाली,

“न्हाई.”

पल्लवी, इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून एवढा स्वच्छ शब्द मी ऐकला नव्हता. तातेरावांनाही ऐकू गेला. ते चहा न घेता गेले, पण रागावून नाही. फाटकाशी वळून म्हणाले की वहिनी बोलल्या, लई झालं.

मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन दिवस तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून नवीनच काढलं आहे. सकाळी उन्हाआधी गाडीपाशी जाऊन उभी राहते आणि नखानं ते पापुद्रे काढते. डाव्या हाताने उजवा हात उचलून बोनेटवर ठेवते आणि त्याच्या बोटांनी खरडते. मी म्हणालो की अगं, आणखी खराब होईल. ऐकत नाही. तिला थांबवू की नको, ते लिही. तू नर्स आहेस आणि तिची लेक पण.

तुझ्या पत्राची वाट दोघंही बघतो, हे ध्यानात असू दे.
तुझा,
बाबा

●

नाशिक
२९ एप्रिल २०२५

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

तो एक शब्द मी किती वेळा वाचला, विचारू नका. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगितला. माझी मैत्रीण म्हणाली की लोकांच्या आया पहिला शब्द लेकरांना शिकवतात, तुझ्या आईचा पहिला शब्द ‘न्हाई’ निघाला. मी म्हटलं, तू आमच्या आईला ओळखत नाहीस. पहिल्यापासून तिचा तोच आवडता शब्द आहे.

तिला मुळीच थांबवू नका. टेबलावर फडकं फिरवणं आणि बोनेट घासणं, हाताला दोन्ही सारखंच. मनाला सारखं नाही. टेबल कुणाचंही असतं.

पण नखानं नको, जखम होईल. कनेरगाव नाक्यावर गुलाबसिंग पेंटर आहेत ना, ज्यांनी मागं गाडीचं दार नीट करून दिलं होतं? त्यांना एकदा बोलवा. घासायचंच असेल तर कशानं घासायचं ते विचारा. आणि घासायचा कागद कायम ओला हवा, धूळ उडून नाकात जायला नको, हे माझ्याकडून सांगा. पुन्हा मॅडमना भेटाल तेव्हा त्यांनाही विचारा, किती वेळ करायचं ते.

बाबा, तुम्ही गाडी विकायला निघालात ते तिच्यासाठीच, हे तिलाही ठाऊक असणार. एक कप चहा स्वतः करून द्या, साखर जास्त घालून. मी परवानगी देते.

तुम्हा दोघांची माझ्यावरची माया अशीच वाहती राहो.
तुमची,
पल्लवी

●

गोरेगाव
१३ जुलै २०२५

चि. पल्लवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रुसली असशील. इकडे कामच तसं निघालं.

गुलाबसिंग येऊन गेले. बोनेटवर बोट फिरवून म्हणाले की बहेनजींनी केलं ते बराबरच केलं, सुटलेलं सगळं निघालंच पाहिजे. आमच्याकडे पोरं हेच काम मशीननं करतात, हातानं केलं तर उलट चांगलं. त्यांनी वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा खरखरीत कागद दिला, साबणाचं पाणी कसं सोडायचं ते दाखवलं. तुझ्या आईला कागद धरता येईना, तर लाकडाच्या ठोकळ्याला तो गुंडाळून, ठोकळा तिच्या पंज्याला साडीच्या काठानं बांधून दिला. बोनेटची उंची तिला नेमकी पुरते. डाव्या हातानं टेकायचं, उजव्यानं घासायचं. मी तांब्यानं पाणी सोडतो. मॅडमनी येऊन पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या की थकवा येईपर्यंत नाही, त्याच्या आधी थांबायचं. बाकी चालू द्या.

महिनाभर बरं चाललं. मग एके दिवशी जोर जास्त लागला आणि एका जागी रंग पार निघून पत्रा उघडा पडला. तिनं ते पाहिलं, ठोकळा दातांनी सोडवून फेकला आणि आत जाऊन निजली. मी समजावलं, गुलाबसिंगांना फोन लावून दिला, ते म्हणाले की एवढं चालतं. काही उपयोग झाला नाही. आठवडाभर ती अंगणात आली नाही. जेवणही अर्धंच. पल्लवी, त्या दिवसांत मी तुला मुद्दामच लिहिलं नाही.

त्यात पाऊस आला. ताडपत्रीतून गळलं आणि त्या उघड्या जागी तांबूस गंज धरला. मी तिला सांगितलं नाही, पण ओसरीतून तिला दिसला. दुपारी मी पेपर वाचत होतो, तर पाठीमागून माझा सदरा ओढून राहिली. वळून पाहिलं तर ठोकळा पुढं केलेला. मला म्हणाली, “बांध.”

बांधला. गंज तिनेच घासून काढला. गुलाबसिंगांनी दुसऱ्या दिवशी तिथं प्रायमरचा हात मारला.

आता शब्द येऊन राहिले आहेत. सगळे कामाचेच. पाणी, धर, सरक, पुरे. तुझ्या बापाला दिवसभर हुकूम सुटतात आणि बाप ते खुशीनं ऐकतो. काल पहिल्यांदा न बांधता ठोकळा धरला. थोडाच वेळ, मग सुटला. पण धरला.

आमच्या दोघांकडून तुला भरपूर प्रेम, आणि तुझ्याकडून तितकंच येऊ दे.
तुझा,
बाबा

●

नाशिक
४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना आणि ती. आईला,
सविनय जय भीम. वि. वि.

परवा फोनवर आई बोलली. बाबा, तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी नेहमीसारखी तुमच्याशी बोलत होते आणि मधेच तिचा आवाज आला, की बारीक कागद पाठव. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जिन्यातच बसले.

सोबत बारीक वॉटर पेपर पाठवत आहे. दवाखान्यामागच्या पेंटरनं निवडून दिला. त्याचं म्हणणं आहे की शेवटचा हात बारीक कागदानंच मारायचा, नाहीतर नव्या रंगातून ओरखडे दिसतात. आणि पाऊस पुरता उघडल्याशिवाय रंग देऊ नका. ओल राहिली तर सहा महिन्यांत पुन्हा फुगेल. आईला घाई झाली असणार, पण थांबवा. थांबत नसेल तर तिला सांगा की हे नर्सचं नाही, पेंटरचं ऐकायचं आहे.

माझी रजा मंजूर झाली की कळवते. तेव्हा अंगणात मला पण एक कोपरा घासायला ठेवा.

दूर आहे म्हणून विसरू नका, जवळचीच समजा.
तुमची,
पल्लवी

●

गोरेगाव
२३ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लू,
जय भीम. आशीर्वाद.

हे मी लिहून राहिले. उजव्या हातानं. अक्षर मुंगीच्या पायासारखं झालं, हसू नको. एक पान लिहायला दोन दिवस लागले. बाबांना म्हणले पत्र लिहिते, तर म्हणे मीच लिहून देतो. मी न्हाई म्हणले.

तुझी रजा आली न्हाई आणि तुझा कोपरा मीच घासला. गुलाबसिंग गाडी नाक्यावर घेऊन गेले. आमी दोघं जीपनं गेलो बघायला. आधी रंग मारला, मग वर ते काचेवाणी पाणी मारलं. वाळेपर्यंत मी तिथंच खुर्चीवर बसले. हात लावू देईनात.

रंग जुळला न्हाई. बोनेट गडद निळं, दारं उन्हानं फिकी. तुझे बाबा म्हणे की सगळीच गाडी रंगवून घेऊ. मी म्हणले काहून? जेवढं गेलं होतं तेवढं केलं. लोकायला कळू दे की मधी काहीतरी झालं होतं. आता टिनाचं छप्पर टाकलं, सावलीत उभी असते.

डॉक्टर गाडी चालवायला हो म्हणत न्हाईत. उन्हाळ्यात बघू म्हणले. मला लई वाईट वाटलं, खोटं काहून सांगू. मग तुझ्या बाबांनी शिकाऊ लायसन काढून आणलं, मला न विचारता. या वयात. शाळेच्या मागच्या माळावर रोज नेते त्यांना. पोरगं बरं शिकलं असतं. क्लच सोडतात तर गाडी बेडकावाणी उडते. मास्तर होते म्हणून शिकवताना लई वाद घालतात.

परवा माळावर एक म्हैस आडवी आली. ते घाबरले, पाय कुठं ठेवावा सुचेना. मला वाटलं, आता शब्द अडकतो. तोंडातून निघालं, “ब्रेक.”

एकदम. मोठ्यानं. गाडी थांबली. म्हैस आमच्याकडे बघत गेली. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मी समोर बघत राहिले. मग मीच म्हणले, चला, पहिला गिअर टाका.

रजेवर आलीस की पुढं मी, मागं तू. बाबा नेतील तिथं जाऊ.

हात दुखला, थांबते. मायेत राहा.
तुझी,
आई