पट्टीच्या आतला सुरुंग

माधवनगर,
ऑक्टोबर १९७४

प्रिय सयाजी,

तू उत्तरं पाठवली नाहीस म्हणून मी लिहायचा थांबेन असं वाटलं असेल, तर गड्या, इतकी वर्षं एका पलटणीत राहून तू मला ओळखलंच नाहीस. शिव्या घालायच्या तर घाल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आमचा जावई बोटीवर नोकरीला आहे. यंदा त्याने जपानहून माझ्यासाठी एक खोकं आणलं. आत बोटाएवढे प्लॅस्टिकचे शिपाई, आणि सोबतच्या चपट्या डबीत नुसते जर्मन सुरुंग! रणगाड्यासाठी पुरायचे तो ताटाएवढा सुरुंग सदऱ्याच्या गुंडीएवढा केलाय. आणि तो दुसरा, लाकडी पेटीतला, माणसाचा पाय नेणारा, तुरीच्या डाळीएवढा. देखावे सजवायला लोक हौसेने विकत घेतात म्हणे. माझं डोकंच फिरलं. मग म्हटलं, देखावाच करायचा तर खरा करू. फळीवर चाळलेला मुरूम डिंकाने बसवला. केरसुणीच्या काड्यांच्या द्राक्षवेली केल्या, त्यांना हळदीच्या वाळक्या पानांचा चुरा लावला. मधून सुरुंग काढून साफ केलेली वाट, तिच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पट्ट्या, लढाईत इटलीत होत्या तशाच. आमची कारभारीण बनुबाई म्हणाली, "आवं, म्हातारपणी भातुकली मांडलीया व्हय?" पण पानं तिनेच चुरून दिली.

सुरुंग मी सगळे मुरमाखाली पुरले. बरेचसे पट्टीच्या बाहेर, आणि एक लाकडी पेटी पट्टीच्या आत. तिच्या अलीकडे तुला उभा केलाय, दोन्ही पाय शाबूत, पाऊल उचललेला. बरोबर मधोमध, वेलींकडे पाठ करून.

हा देखावा साताऱ्याला माजी सैनिकांच्या प्रदर्शनात ठेवायचा ठरलं होतं. समितीचे कप्तानसाहेब बघायला आले आणि म्हणाले, सुरुंग वर ठेवा, लोकांना दिसले पाहिजेत. मी म्हटलं, साहेब, दिसले असते तर सयाजीचा पाय गेला असता का? मग त्यांना पट्टीच्या आतला सुरुंग सांगितला, तेव्हा चेहराच पडला. म्हणाले, साफ केलेल्या वाटेत सुरुंग राहिला असं दाखवलं तर पलटणीचं नाक कापलं जाईल, तो काढा, नाहीतर देखावा आणू नका. चिटणीस दादासो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, येवढा एक दाणा काढा की. कुनाला दिसतुय?" दिसत नाही तर काढायचा कशाला, असं मी विचारलं.

मी तो काढणार नाही. द्राक्षं तोडायला पट्टी ओलांडलीस म्हणून पाय गेला, ही थाप कुणी उठवली देव जाणे, पण ती तुझ्या आधी गावात पोचली. लोक तुला द्राक्ष्या म्हणू लागले आणि तू आठवड्याचा बाजार सोडलास. आता तर तुमच्याकडेही कुणी कुणी द्राक्षबागा लावतायत. दरवर्षी घड लागले की कुणीतरी तुझं नाव काढून हसत असेल. मला याचा संताप येतो, सयाजी, आणि तुझ्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त येतो.

का गप्प बसलास ते मला माहीत आहे. वाट आपल्या पलटणीतल्या गुंडाने साफ केली होती. थोड्याच दिवसांत तो नदी ओलांडताना मारला गेला. दवाखान्यात तू माझा हात धरून म्हणालास, "मेलेल्या मानसावर बालंट नगं. त्याच्या आईला कळाया नगं." मी शब्द दिला आणि तीस वर्षं पाळला.

तो शब्द मी मोडला. माफी मागणार नाही. गुंडाची आई, आपली धोंडुमावशी, हल्ली सांगलीत लेकीकडे असते. देखाव्याचं ऐकून ती आपण होऊन आली. मी तिला सगळं दाखवलं. गुंडाच्या हातातल्या यंत्राला लोखंड कळायचं, आणि ही पेटी लाकडाची, त्याने दहा वेळा फिरवलं असतं तरी यंत्र बोललं नसतं. ती फळीजवळ बसली. मग म्हणाली, "म्हंजी माज्या गुंडाचं काय चुकलं न्हवतं?" सयाजी, तिला पहिल्यापासून संशय होता. गुंडाच्या चुकीने तुझा पाय गेला असं कुणाच्या तरी तोंडून तिने अर्धंमुर्धं ऐकलं होतं, आणि तू गप्प म्हणजे ते खरंच असणार, असं धरून ती म्हातारी आजवर जगली. तू तिच्यासाठी गप्प बसलास हे मी सांगितलं, तेव्हा ती माझ्यावरच भडकली, तुझ्यावर भडकायला तू समोर नव्हतास म्हणून. रविवारी मी फळी घेऊन एस.टी.ने साताऱ्याला जातोय. आत घेतलं तर आत, नाहीतर फाटकाबाहेर. ती माझ्याबरोबर येतेय. तू नुसता येऊन तिच्याशेजारी बस. आणि नाही आलास, तर सोमवारी ती कवठे महांकाळला येणार आहे, तुझ्या दारात बसून गुंडाबद्दल तुझ्याच तोंडून ऐकायला.

तुझाच, आणि तुझ्यावर रागावलेला,
ज्ञानू