किटलीची तोटी

ताई,

तुला वाकून नमस्कार. तब्येतीचं मागाहून लिहितो, आधी मातीचं सांगतो.

आजारपणानंतर आज पहिल्यांदा मातीकामाच्या वर्गाला गेलो. आम्ही चाक वापरत नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं करतो. डावा हात आत, उजवा बाहेर; मधली भिंत किती जाड आहे ते बोटांनाच कळतं. म्हणून मी सवयीने खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

एकदम शिकवणाऱ्या बाई हसल्या. "अहो आजोबा, अंगठा बाहेर आलाय की तुमचा!"

बघतो तर डावा अंगठा भिंतीतून आरपार. ताई, मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. पण सगळे बघत होते, म्हणून म्हणालो, "तोटी बसवायचीय तिथं. किटली करतोय."

"मग झाकण विसरू नका हं," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्या अंगठ्याला टाचणी टोचली. रक्त आलं, पण दुखलं नाही.

डॉक्टरांना तर मी हात ठणठणीत आहे म्हणून सांगून बसलोय. तुला कळलं तर तू मला तिकडे तुझ्या घरीच नेऊन ठेवशील, मातीला हात लावू देणार नाहीस. तेव्हा हे पत्र काही टाकत नाही. किटली मात्र पाठवीन. तोटी छान बसली म्हण, जास्त विचारू नकोस.

उजव्या हाताने हे लिहितोय, तरी सारखा डाव्याकडे बघतोय, कागदावर आहे ना अजून म्हणून.

तुझा घाबरट धाकटा