अव्वानं बेटावरून काय आणलं

अप्पा, आम्ही मॉरिशसला जाऊन आलो. मी, तुमचे जावई आणि अव्वा. अव्वा विमानात बसली, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवी होती. खिडकीची जागा तिला आम्ही मुद्दाम दिली, पण तिनं बाहेर एकदाच पाहिलं, "सगळा कापूसच दिसतोय की," म्हणाली आणि पलीकडच्या रांगेतल्या बाईकडं वळली. "तुमी कुठल्या?" ती बाई इंग्रजीत की फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. "आमी कोल्हापूरच्या," अव्वा म्हणाली. मग बराच वेळ दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. उतरल्यावर मी विचारलं, एवढं काय चाललं होतं, तर म्हणते, "तिच्या सुनंला दिवस गेल्यात. बाळंतपणाला निघालीया." तिला ते कसं कळलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

सहल ठरवली ती ह्यांच्या साखर कारखान्यातल्या मंडळींनी. बावड्यातून आठ-दहा जोडपी निघाली होती. हे म्हणाले, सासूबाईंना एकट्या ठेवून मी समुद्र बघायला जाणार नाही. अव्वानं आधी नाही म्हटलं, मग गुडघ्यांचं कारण सांगितलं, मग एक दिवस अचानक विचारलं, "तिकडं भाकरी मिळंल काय?" तेव्हा आम्ही समजलो की ती येणार. माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. तुमच्या माघारी महाद्वार रोडवरचं दुकान मीच चालवते. बरं चालतं म्हणवत नाही आणि बंद पडलं असंही नाही. आजूबाजूला सगळी मोबाईलची दुकानं झाली आहेत. त्यातल्याच एकानं आपली जागा भाड्यानं मागितली होती. भला माणूस आहे, बोलायला गोड. परत आल्यावर कळवते, असं मी त्याला सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून होकार देऊन बसले होते. अव्वाला यातलं काही माहीत नाही, अशी माझी समजूत होती. तुम्ही गेल्यापासून तिनं दुकानाची पायरी चढली नव्हती. "मला तिथं बसवत न्हाय," एवढंच म्हणायची.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मी बी.कॉम. होऊन नुकती दुकानात बसायला लागले होते तो? नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. देवीच्या दर्शनाला परगावच्या गाड्या यायच्या आणि माणसं दर्शन झालं की रस्त्यावर खरेदीला पांगायची. तुमच्या दुकानात उजव्या हाताला इथला माल असायचा. कापशीच्या चपला, हुपरीची पैंजणं, धनगरांकडून आणलेली घोंगडी. डाव्या हाताला बाहेरचा. काचेच्या गोळ्यातली देवी, प्लॅस्टिकच्या चौकटी, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या. मी तुम्हाला सुचवलं होतं की सगळं एकत्र मांडू आणि वर मोठी पाटी लावू, 'कोल्हापूरची खास भेट'. शेजारच्या दुकानाला तशी पाटी होतीच. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं पाहिलंत. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी आवाज खाली आणला नाहीत. "पावणं घरी जाऊन शेजाऱ्याला सांगणार, ह्ये कोल्हापूरचं हाय. मग ते कोल्हापूरचं असाय नको?" मी म्हटलं, "अप्पा, त्यांना कुठं फरक कळतो?" "त्यांना न्हाय कळत म्हणूनच आपण सांगायचं की!" गिऱ्हाईक हसलं. मला राग आला होता. संध्याकाळपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हीही समजूत काढली नाहीत. जाताना दोन ताटल्या मिसळ मागवलीत, एक माझ्यासमोर सरकवलीत आणि शेव आणखी हवी का म्हणून विचारलंत. आपल्याकडं भांडण असंच मिटायचं.

आणि घरी, मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात, डब्यांच्या वरची फळी तुमची. तुम्ही फार कुठं हिंडला नाहीत, पण जिथं जाल तिथून एक वस्तू आणायचात. एकच. सावंतवाडीचं लाकडी लिंबू, बदामीच्या वाटेवर घेतलेला मातीचा बैल, चन्नपट्टणची भोवऱ्याएवढी बाहुली. आणलं की आधी अव्वाला दाखवायचात आणि कुणी केलं ते सांगायचात. त्याचं घर कुठं, तो बसून करतो की उभ्यानं, त्याची बायको रंग देते की तो स्वतः. अव्वा भाकरी थापता थापता म्हणायची, "कौतुक तुमी करा, धूळ पुसाय मी हायच." दर सणाला ती स्टुलावर चढते, एकेक वस्तू पदरानं पुसते आणि बडबडत परत जागेवर ठेवते. मला वाटायचं, तिला त्या वस्तूंचा कंटाळा आहे. तुम्हालाही तसंच वाटत असावं. एकदा तुम्ही म्हणाला होतात, ह्यातलं काही नको असेल तर देऊन टाकू. तेव्हा तिनं स्टूल ओढून फळी पुसायला घेतली होती.

मॉरिशसला उतरून हॉटेलकडं निघालो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. नजर पोचेल तिथवर ऊस. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "एवढे पैसे घालून आपण बावड्यालाच आलोय," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गाडी थांबवून उसाची कांडी मोजत बसले. गाडीचा चालक तिथलाच, पण घराणं मराठी. त्याच्या पणजोबांच्याही आधीचं कुणी कोकणातून आलेलं. तो हिंदी बोलायचा, मधूनच एखादा मराठी शब्द जपून ठेवल्यासारखा काढायचा. पहिल्याच दिवशी "आम्ही पण मराठी," असं इतक्या वेगळ्या हेलात म्हणाला की अव्वानं त्याचा हात धरला. नंतरचे सगळे दिवस ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसली.

खरेदीचा पहिला दिवस मोठ्या दुकानात गेला. तिथं सगळीकडं डोडो. तो तिथला पक्षी, कधीच नामशेष झालेला. टोप्यांवर डोडो, कपांवर डोडो, काचेचे, लाकडाचे, गोंडे लावलेले. बावड्याच्या बायकांनी पिशव्या भरल्या. अव्वानं एक लाकडी डोडो उचलला, उलटा केला आणि तळाची चिकटपट्टी माझ्यासमोर धरली. "वाच." मी वाचलं. त्यावर तिसऱ्याच देशाचं नाव होतं. तिनं विकणाऱ्या पोरीला तिच्या कोल्हापुरी हिंदीत विचारलं, "ये इधर का हाय क्या?" पोरगी म्हणाली, "हां आँटी, सब इधर का." अव्वा मोठ्यानं हसली. "हमारा भी दुकान हाय," म्हणाली आणि डोडो जागेवर ठेवून तिच्या गालाला हात लावून बाहेर आली. दुकान 'आपलं' आहे, असं तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकत होते. बाहेर मोठमोठे शंख आणि पोवळ्याचे तुकडे मांडले होते. ते बघून मात्र तिनं नाक मुरडलं. "समुद्राचं समुद्रात ऱ्हाऊ दे. त्यात माणसानं काय केलंय?"

मग ती हट्टालाच पेटली. रोज संध्याकाळी चालकाला विचारायची, इथली माणसं हातानं काय करतात? तो विचारात पडायचा. शेवटी म्हणाला, दक्षिणेला एका गावात सोमवारचा बाजार भरतो, तिथं जाऊ. हे आणि बाकीची मंडळी धबधबा बघायला गेली आणि अव्वा, चालक नि मी असे तिघं बाजारात. अगदी आपल्या आठवड्याच्या बाजारासारखा, अप्पा. ताडपत्र्या, मिरच्यांचे ढीग, कपड्यांचे ठेले, मागं निळा समुद्र एवढाच काय तो फरक. भाजीच्या ओळीच्या टोकाला एक म्हातारी बाई बुटक्या पाटावर बसून पिशवी विणत होती. अव्वा माझा हात सोडून तिच्याकडं गेली, खाली पडलेलं पान उचललं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि वळून म्हणाली, "केदगी हाय की गं ही!" तिच्या माहेरी केवड्याला केदगी म्हणतात. फूल नव्हतं, वासही नव्हता, पण पान त्याच जातीचं, काटे तासून काढलेलं. बाई पट्ट्या एकमेकींखालून काढत होती आणि अव्वाच्या पायाशी जागा व्हावी म्हणून तिनं न विचारताच टोपली बाजूला सरकवली.

अव्वा खाली बसली. गुडघ्यांचं तिला भानच नव्हतं. समोरच्या मालाकडं बोट करून तिनं चालकाला सांगितलं, "इचार हिला, ह्ये सगळं हिनंच केलंय काय?" त्यानं त्यांच्या भाषेत विचारलं. बाईनं हातातलं काम खाली ठेवलं आणि एकेक वस्तू दाखवत सावकाश सांगू लागली, तो हिंदीत आम्हाला सांगत गेला. ह्या दोन पिशव्या माझ्या. त्या तीन माझ्या बहिणीच्या, ती लांबच्या छोट्या बेटावर राहते, तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. त्या टोप्या इथल्या नाहीत, मादागास्करहून येतात, स्वस्त आहेत, पण माझ्या नाहीत. कुणी विचारलं नसतं तरी तिनं ते सांगितलं असतं, असं तिच्या बोलण्यावरून वाटत होतं. अव्वा ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाशी नेला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या अप्पांसारखी बोलती की गं ही."

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा घरात सगळे रडले, अव्वा रडली नव्हती. चहाची आधणं ठेवत होती, आल्यागेल्याला बसायला सतरंजी देत होती. त्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसेना. चालक बिचारा घाबरला. त्या बाईनं अव्वाच्या मांडीवर अर्धी विणलेली पिशवी ठेवली आणि एक पट्टी तिच्या बोटात दिली. थोड्या वेळानं बाईनं विचारलं, ही काय करते म्हणून. चालकानं ते अव्वाला सांगितलं. अव्वा डोळे पुसत म्हणाली, "मी काय करत न्हाय. मी धूळ पुसते." त्यानं अगदी गंभीरपणे त्यांच्या भाषेत ते उतरवलं. बाई खळखळून हसली आणि काहीतरी बोलली. "म्हणते, तिच्या घरी ते कामही तिच्याकडंच आहे." मग दोघी हसत सुटल्या. मी तिथंच उभी. परत जाताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मला कळलं की त्या फळीवरची प्रत्येक वस्तू अव्वाला पाठ होती. कारण गाडीत ती चालकाला सांगत होती, सावंतवाडीचं लिंबू कुणी केलं, त्याचं घर कुठल्या गल्लीत, बाहुलीला रंग कोण देतं. तुम्ही एकदाच सांगितलेलं, तुमच्याच शब्दांत.

पिशवी घेतली ती त्या बाईचीच. बहिणीची जास्त सुबक होती, पण अव्वा म्हणाली, "जी समोर बसलीया तिची घेऊ. तिचं तोंड ध्यानात ऱ्हातंय." घरी आल्यावर मला वाटलं, पिशवी फळीवर चढणार. तसं झालं नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्यात मेथीच्या जुड्या घालून आली. मी म्हटलं, "अगं खराब होईल." "वापराय घेतलीया ती," म्हणाली, "ठेवाय न्हाय."

आठवडाभर मी मोबाईलवाल्याला कळवायचं टाळत होते. शेवटी तोच भेटला, आणि म्हणाला, "ताई, तुमच्या आईंनी सांगितलं की. जागा द्यायची न्हाय म्हणून." मी घरी येऊन अव्वाला विचारलं. ती कणीक मळत होती. "व्हय. गेलते मी." तुला कुणी सांगितलं होतं सगळं? "तू झोपेत बोलतीस," म्हणाली, आणि खरंच बोलते का ते मला अजून ठाऊक नाही. आता ती दुपारी दुकानात येऊन बसते. तुमच्या खुर्चीवर नाही, बाहेर पायरीवर, बसायला वेताचा मोढा घेऊन. परवा एक जोडपं काचेच्या गोळ्यातली देवी हातात घेऊन कौतुक करत होतं, तर आत न बघता म्हणाली, "पावणं, ते बाहेरचं हाय बरं का. घ्याचं तर घ्या, पण घरी जाऊन कोल्हापूरचं म्हणून सांगू नका." त्यांनी तेच घेतलं. आणि पैंजणंही घेतली. दुकान काही फार मोठं व्हायचं नाही, अप्पा, पण दुपारी ती असली की मला घाई नसते.

हे पत्र मी अव्वाला दाखवणार नाही, आणि टाकणार तर कुठं. तरी एक सांगायचं राहिलं. तिथं एके दिवशी आम्ही होडीतून वाळूच्या एका छोट्या बेटावर गेलो. पाणी गुडघाभर आणि इतकं नितळ की आपले पाय आपलेच वाटेनात. हे पाण्यात पडून राहिले होते, अव्वा सुरूच्या झाडाखाली डुलकी काढत होती, मी एकटीच किनाऱ्यानं चालत गेले आणि चालतच राहिले. रात्री हॉटेलवर आल्यावर ध्यानात आलं की त्या अख्ख्या दिवसात मला तुमची आठवण एकदाही आली नव्हती. वाईट वाटावं म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही. झोप छान लागली.