घट्ट तेलाचा अर्धा नियम

बाबा, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. तुमची नात वर्कशॉपातून येते आणि ग्रीसचे हात माझ्या चंदनाच्या साबणाने धुते. सकाळी पूजेआधी मी तो साबण हातात घेतो तर चंदनाला इंजिन ऑइलचा वास. देवांनी अजून हरकत घेतलेली नाही, पण तुमच्या काळापासून त्यांना सवय झाली असावी. तिला बोललो तर म्हणते, "आजोबांना टोकलं होतं का तुम्ही कधी?" नव्हतं. तुम्हाला फक्त तुमच्या वडिलांनी एकदा टोकलं, आणि तुम्ही कचेरीतली नोकरी सोडून गॅरेज काढलंत. मग त्यांची समजूत काढायला मला संस्कृतला बसवलंत. इंजिनं तुमच्याकडे, धातुरूपं माझ्याकडे. वाटणी तशी वाईट नव्हती, फक्त मला कोणी विचारलं नाही.

तर तुमची जुनी पांढरी गाडी तिने उघडली. इंजिनिअर होऊन घरी आली आणि वर्कशॉप आता तीच पाहते; मी शाळेत संस्कृत शिकवून सुटलो की तिथे जाऊन बसतो. कापसाचे हाल तुम्ही गेलात तेव्हा सुरू झाले होते, आता मारेगावकडच्या जीपा दुरुस्तीला येतच नाहीत. लोक खडखडणारी गाडी तशीच चालवतात, नाहीतर कडुनिंबाखाली उभी करून ठेवतात. हाताला काम कमी, म्हणून पोरीने तुमच्या गाडीचे सिलिंडर मोठे करून घेतले, व्हॉल्व्ह जास्त उचलणारा कॅमशाफ्ट आणला, वर मोठा ऑइल पंप लावला. डोंगरातल्या घाटात मोटारींची शर्यत असते, एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. त्यात तिला ही गाडी स्वतः पळवायची आहे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले पापड आत नेले.

पण थोडे दिवस चालवली की इंजिन अडखळायला लागायचं, टायमिंग सरकायचं. तेल काढलं तर त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक. कॅमशाफ्टवरचा लहान गियर, जो ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि ऑइल पंप दोन्ही फिरवतो, त्याचे दात सुरीसारखे झाले होते. नवा कॅमशाफ्ट आणला, त्याच्याही गियरची तीच गत. शर्यतीला नाव दिलेलं, आणि गाडी पुन्हा उघडलेली. ती दातांना निळा रंग लावते, इंजिन हाताने फिरवते आणि रंग कुठे पुसला ते पाहते. बरोबर मधोमध, म्हणजे दात वाकडे बसलेले नाहीत. कानस घासते, कानस घसरते, म्हणजे लोखंड कच्चं नाही. मी बाजूला टॉर्च धरून उभा असतो. शास्त्रार्थात माझं काम एवढंच.

"पाहा ना बाबा," ती मला म्हणते, "ओढ येते त्याच अंगाने दात झिजून राहिले. पंप जड जाऊन राहिला, अन् त्याले ओढता ओढता गियर मरून राहिला."

"पण पंप जड काहून जाईल?"

"तेच तर! तेल तर आजोबांचंच आहे. आपल्याकडचं ऊन म्हणजे घट्टच तेल पाहिजे, हे तुम्हीच तर सांगत होते."

सांगत होतो खरं. लहानपणापासून तिला ते मीच ऐकवलं आहे. पण तिने गाडी पळवली ती भर थंडीत, रस्ता रिकामा असतो म्हणून सकाळी सकाळी, गार इंजिनाला चावी मारून, म्हणजे घट्ट तेल आणखीच आळलेलं असताना.

आणि मला मुकुटबनची जिनिंग दिसते, सरकी काढायचा तो कारखाना, ज्याचं इंजिन तुम्ही सांभाळायचात. थंडीची सकाळ, बाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग, शाळेला सुट्टी म्हणून मी तुमच्यामागे आलेलो. मोठेपणा दाखवायला मी इंजिनाच्या हँडलला हात घालतो आणि तुम्ही ओरडता, "ए पंडित! थांब न जरा. हातरुणातून उठवून तुले कोनं पळवलं तं चालंन का?" मग कापसापासून लांब, विहिरीपलीकडे तुम्ही कापसाची वाळकी झाडं, पऱ्हाटी, पेटवता, तिचे निखारे घमेल्यात भरून आणता आणि इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली सरकवता. आपण दोघं उकिडवे बसून हात शेकतो. मधूनमधून तुम्ही थोडं तेल बोटावर घेता. ते बोटावरून धावायला लागल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही. गाडीवाले बाहेर बोंबलत असतात, तुम्ही मला गुळाचा खडा देता आणि स्वतः बिडी काढता.

म्हणजे नियमाचे भाग दोन होते, बाबा. तेल घट्ट, पण आधी शेकलेलं. आमच्या घरात पहिला भाग तेवढा पाठ झाला. पाठशाळेत अर्धं सूत्र म्हटलं की गुरुजी कान धरायचे. इथे ते काम इंजिनाने केलं.

पोरीला सांगितलं तर ती पाना हातात घेऊन खालीच बसली. "आजोबा इंजिनाखाली आग लावत होते?"

"आग नाही. निखारे. घमेल्यात."

"पेट्रोलच्या गाडीखाली आता मी घमेलं ठेवू! बाबा, हे कोणाले सांगू नका बरं." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पातळ तेल भरलं, मोठा पंप काढून तुमचा जुना परत बसवला, कॅमशाफ्ट आणि जोडीचा गियर नवे घातले. रोज सकाळी जोडमोहाच्या रस्त्याने गाडी पिटाळली आणि पुन्हा उघडली. दात जसेच्या तसे, तेलात चमक नाही. त्या दिवशी तिने मला मिठी मारली, माझा पांढरा सदरा गेला.

एक मात्र तिला सांगितलेलं नाही. ते निखारे मला तिने पंपाचं नाव काढलं तेव्हाच आठवले होते. मी लगेच बोललो नाही. गियर झिजत होता तोवर गाडी उघडलेली होती, आणि गाडी उघडलेली होती तोवर पोरगी घरी होती. पुढे तिचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा बोललो.

रविवारी ती घाटात जाते आहे. जो तो विचारतो, गियर टिकेल ना? टिकेल. त्याची मला काळजीच नाही. पण त्या रस्त्याला एका बाजूने दरी आहे आणि ती गाडी तुमच्यासारखी चालवते. हे तिच्याजवळ बोलता येत नाही, तिच्या आईजवळ तर नाहीच. म्हणून जिथे पत्र टाकता येत नाही तिथे लिहीत बसलो. मला भीती वाटते, बाबा.