हस्तिदंती दात

पॅरिस, ८ जानेवारी १६९३

पेटीला कुलूप लावायला हे विसरले आणि मी नवं नाटक वाचलं! कादंबऱ्यांवर घर चालतं, पण यांचा जीव नाटकात. त्यातली बायको पाहुण्यांसमोर हसते आणि तिचा हस्तिदंती दात सूपमध्ये पडतो. माझा दात! गेल्या नाताळात पडलेला! नवऱ्यानेच बायकोची लक्तरं वेशीवर टांगायची — तीही पाच अंकांत!

११ जानेवारी

नटी ब्रिसार जेवायला आली होती. माझं सोंग तीच काढणार. सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "वहिनी, पुन्हा एकदा हसा ना!" हे मान खाली घालून पाव मोडत बसले.

१४ जानेवारी

म्हटलं, तेवढा दात काढा. "अगं, लोकांनी दात काढावेत म्हणून तर तो ठेवलाय!" स्वतःच्याच कोटीवर ठसका लागेपर्यंत हसले.

२ फेब्रुवारी

यांना ताप. वैद्य म्हणाले, साधी सर्दी, दोन दिवसांत उठतील. मी ते यांना सांगितलंच नाही. पाद्रीबाबांना बोलावलं आणि दाराशीच रडून घेतलं.

पाद्रीबाबांनी नियम सांगितला — नाटकवाल्याला अंतिम संस्कार नाही, पवित्र मातीत जागा नाही. आधी नाटक जाळा, मग शपथेवर सही करा. यांनी माझा हात धरला. "अगं, खरंच मी जातोय?"

"वैद्यांनी आशा सोडलीय," मी म्हणाले. किती सहज बोलले!

यांनी सही केली: यापुढे रंगभूमीसाठी एक ओळही लिहिणार नाही. नाटकाची नक्कल अजून काढलेली नव्हती, एकच प्रत. ती मीच शेकोटीत घातली, एकेक पान करून. हे भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होते. खरं सांगते, मला कीव आली नाही. भूक लागली.

५ फेब्रुवारी

उठले.

९ फेब्रुवारी

वैद्य सहज डोकावले. यांनी जीव वाचवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. "सर्दीनं कोण मरतं, महाराज?" म्हणून हसत निघून गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं. जेवताना मीठ माझ्याकडे सरकवलं.

२० मार्च

महिनाभर लिहीत बसलेत. आज मी शपथेची आठवण करून दिली.

"शपथ रंगभूमीची. ही कादंबरी आहे. नाटक लोक आठवड्यात विसरतात गं, पुस्तक नातवंडंसुद्धा वाचतात." पुढच्या आठवड्यात छापायला जाणार म्हणे. मग पहिली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवली.

ही वही यांना कधी सापडली? कादंबरी म्हणजे एका बायकोची रोजनिशी आहे. बायकोचं नाव गिलमेट. माझंच! आणि त्यात यांचा एकही शब्द नाही, सगळे या वहीतलेच.